पिक्चर पाहायला जाऊ का? गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरोरा-चिमूर रस्त्यावरच्या एका गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सर्व्हर बंद असला की सातबाऱ्यासाठी आलेला माणूस बाकावर बसतो आणि पिक्चरचा विषय काढतो. मी पिक्चरवेडा आहे हे पंचक्रोशीला माहीत आहे. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. बहुतेक पिक्चर २०२५ मध्ये आलेले आहेत, एखाद-दोन मागचे. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर दुकानात या, भांडू.

भाऊ, तुम्ही पाचापैकी किती स्टार देता?

देत नाही. साडेतीन स्टारचा आपल्याला काय उपयोग? नागपूरच्या माणसाचा पिक्चर फसला तर त्याचे तीन तास जातात. आपला अख्खा दिवस जातो. सकाळची एसटी, चंद्रपूरला उतरून ऑटो, पिक्चर, मधात जेवण, परत स्टँडवर येऊन वाट पाहणं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गेलात तर त्या दिवसाची मजुरीही गेली. म्हणून मी एवढंच सांगतो की हा पिक्चर दिवस मोडण्याच्या लायकीचा आहे, तालुक्याच्या टॉकीजला लागला तर पाहण्यासारखा आहे, की घरी मोबाइलवर चालते. काही मोबाइलवरही चालत नाहीत. ते विचारल्यावर सांगतो.

"छावा" पाहाले लहान पोराले नेऊ का?

नका नेऊ. शाळेतल्या पोरांना संभाजी महाराज कळावेत म्हणून लोक पिकअप भरभरून गेले, हेतू चांगला होता. पण त्याला यूए १६+ प्रमाणपत्र आहे. आता सेन्सॉरनं यूएचे तीन भाग केले आहेत: ७+, १३+ आणि १६+. त्या वयाखालच्या पोरांना दाखवायचं की नाही हे आईबापांनी ठरवायचं, म्हणून टॉकीजवाला दारात अडवत नाही. पण शेवटचा छळाचा भाग मोठ्या माणसालाही खुर्चीत बसू देत नाही. सात वर्षांच्या पोराला तो दाखवून इतिहास कळत नाही, रात्रीची झोप तेवढी जाते.

पिक्चर म्हणून विचाराल तर विकी कौशलनं जीव ओतला आहे, पण मला जास्त लक्षात राहिला तो अक्षय खन्नाचा औरंगजेब. तो आवाज न चढवता बोलतो आणि तरी पडदा त्याचाच होतो. तक्रार एकच. संभाजी महाराज संस्कृतात "बुधभूषण" लिहिणारे होते, एवढा शिकलेला राजा. पिक्चरमध्ये ते लढतात, गरजतात, परत लढतात. संगमेश्वरला पकडले जाण्याआधीचा विचार करणारा माणूस थोडा अजून दिसायला पाहिजे होता. तरी मोठ्या पडद्यावरच पाहायचा पिक्चर आहे. तालुक्याला पुन्हा लागला तर जा.

"स्थळ" खरंच आपल्या इकडचा आहे का?

हो. हा प्रश्न आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

७ मार्च २०२५ ला आला, जयंत दिगंबर सोमलकर यांचा. गोष्ट घडते डोंगरगावात, आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात. काम करणारी माणसं तिकडचीच, बहुतेकांनी आधी कॅमेरा पाहिलेला नव्हता. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक, म्हणजे आशियातल्या पिक्चरसाठीचा, पुरस्कार मिळाला. म्हणजे कॅनडातल्या लोकांनी आपला कांदापोह्याचा कार्यक्रम आपल्याआधी पाहिला.

सविता नावाची कॉलेजात शिकणारी मुलगी. तिला शिकायचं आहे, परीक्षा द्यायची आहे. बाप कापूसवाला शेतकरी. पाहुणे येतात, चहापोहे होतात, ती येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतातली कामं येतात का. पाहुणे जातात, नकार येतो, दुसरे पाहुणे येतात आणि पुन्हा तेच प्रश्न त्याच क्रमानं. सुरुवातीलाच एक स्वप्न आहे. त्यात उलटं होते, पोरगा मान खाली घालून बसलेला आणि बाया त्याला प्रश्न विचारतात. टॉकीजमध्ये लोक खो खो हसले. पुढे तेच प्रश्न सविताला विचारले जातात तेव्हा कोणी हसत नाही, आणि दिग्दर्शकानं ते मुद्दाम सारखं ठेवलं आहे. चौथ्या-पाचव्यांदा तो प्रसंग आला की तुम्हालाच वाटते, आता पुरे करा. तिला काय वाटत असेल ते सांगायला मग वेगळा संवाद लागत नाही.

माझ्या दुकानातले एक काकाजी पाहून आले आणि म्हणाले, "यात काय दाखवलं? हे तं आपल्या घरी चालूच रायते." मला तर ही त्या पिक्चरची सगळ्यात चांगली पावती वाटते. काकाजींच्या घरी दोन पोरी आहेत लग्नाच्या.

मला त्यातला बाप फार पटला. वाईट माणूस नाही तो. पण पोरीचं लग्न आणि कापसाचा भाव एकमेकांना बांधलेले आहेत हे त्याला माहीत आहे, आणि दोन्हीपैकी एकही त्याच्या हातात नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. आता खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात फिरून कापूस घेणारा व्यापारी, दारात काटा घेऊन येतो तेव्हा कोणता भाव सांगतो ते तुम्ही मला सांगा. घरात कापूस भरून ठेवून भावाची वाट पाहणारा माणूस पडद्यावर पाहिला की आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला तो भाग लांबलेला वाटला असेल, वाटू द्या.

आणि बोली. आपली बोली मराठी पिक्चरमध्ये येते ती हसवायला, नाहीतर पुढाऱ्याच्या मागे फिरणाऱ्या गुंडाच्या तोंडी. इथे माणसं नुसती बोलतात. "कोन्त्या गावचे?" म्हणतात आणि कोणीच त्यावर हसत नाही.

संथ आहे, हे खरं. गाणी नाचायची नाहीत. तरी दिवस मोडा. घरात लग्नाचा पोरगा असेल तर त्याला आधी न्या.

मंग आपल्या इकडचे दुसरे कोणते?

"झुंड" पाहिला नसेल तर पाहा. २०२२ चा आहे, नागराज मंजुळेंचा. अमिताभ आहेत, पण पिक्चर नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा आहे आणि ती पोरं नागपुरीच बोलतात, अर्धी हिंदी अर्धी मराठी, "बे" सकट. लांब आहे, शेवट सैल आहे, पण पहिला तास त्या पोरांनी खाऊन टाकला आहे.

"दशावतार" कोकणातला, आपल्याले काय त्याचं?

असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, तुम्ही दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे रात्रभर नाटक पाहायला जाता की नाही?

"दशावतार" १२ सप्टेंबर २०२५ ला आला. दशावतार म्हणजे कोकणातलं लोकनाट्य. दिलीप प्रभावळकर त्यात म्हाताऱ्या दशावतारी नटाचं काम करतात, आणि त्यांचं स्वतःचं वय ऐंशीच्या वर आहे. नजर अधू होत चालली आहे, पोरगा म्हणते बाबा आता पुरे, आणि म्हातारा तोंडाला रंग लावल्याशिवाय राहत नाही. असा माणूस आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या आणि नाटकांच्या पट्ट्यात, गावागावात सापडेल. दिवसा धान कापतो, रात्री राजा होतो. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत दुपारी, नाटक रात्री, मांडवात थंडीनं कुडकुडत चार-चार जिल्ह्यांतले लोक. वडसा हे तर नाटक कंपन्यांचं गावच. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या चॅनलवाल्यांना झाडीपट्टी कुठं आहे ते नकाशात पाहावं लागलं असेल.

म्हणून हा पिक्चर पाहताना मला आनंदही झाला आणि थोडी जळजळही. कोकणानं आपल्या लोककलेवर एवढा देखणा पिक्चर काढला, तिकिटं खपली. आपल्या झाडीपट्टीवर या तोडीचा पिक्चर मी अजून पाहायचा आहे. गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. एका रात्रीत दोन गावांचे प्रयोग करणाऱ्या नटीची तर जीपमध्येच अर्धी गोष्ट तयार आहे.

उणीव सांगतो. मध्यंतरानंतर तो सूडाचा पिक्चर होतो. त्यातला जंगल आणि खाण हा मुद्दा चंद्रपूरवाल्यांना सांगायला नको, कोळशाची धूळ आपण रोज खातो. पण एवढा अवघड प्रश्न एका माणसाच्या सूडात गुंडाळला की मला हुरहूर लागते. प्रभावळकरांसाठी मात्र गाडी काढून जा. रंग चढल्यावर त्यांचे खांदे बदलतात, ते पाहा.

पोरगा "सैयारा" पाहून रडत आला. काय आहे त्याच्यात?

त्याच्यात त्याचं वय आहे. मोहित सुरीचा पिक्चर, नवा हिरो, नवी हिरोईन, जुलै २०२५ मध्ये आला. गाणी चांगली आहेत. गोष्टीत आजारपण आहे, त्यावर रडायची सोय केलेली आहे. पंचविशीच्या आतल्यांनी टॉकीजला पाहावा. आईबापांनी सोबत जाऊ नये, दोघांचीही पंचाईत होते.

भुताचे पिक्चर चांगले का वाईट?

भुताचा पिक्चर मला फार आवडतो, आणि आपल्या भागात त्याच्याबद्दल बोलताना मी जपून बोलतो. कारण शहरातला प्रेक्षक घाबरून हसतो आणि घरी जातो. इकडे जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना खांबाला बांधून मारलं गेलं आहे, आपल्याच जिल्ह्यात. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी मांत्रिकाचा धंदा काही बसला नाही.

त्यामुळे "जारण" आला, जून २०२५ मध्ये, तेव्हा मी आधी नाक मुरडलं होतं. नावावरून वाटलं, घ्या, अजून एक करणी. पण ऋषिकेश गुप्ते यांनी हुशारी केली आहे. अमृता सुभाष जी बाई साकारते तिला लहानपणापासून वाटते की आपल्यावर करणी झाली आहे. पिक्चर तिच्यासोबत चालतो, आणि तुम्ही ठरवू शकत नाही की हे बाहेरचं आहे की तिच्या मनातलं. आजार म्हणून पाहिलं तरी गोष्ट लागते, करणी म्हणून पाहिलं तरी लागते. भीती वाटली ती दार करकरण्याची नाही. एका माणसाच्या डोक्यात एकदा घातलेली गोष्ट किती वर्षं राहू शकते, त्याची वाटली. अनिता दाते थोडाच वेळ येते आणि लक्षात राहते.

पाहून आल्यावर बाकावर मोठा वाद झाला. एकजण म्हणाला, "पाहा, पिक्चरमधी पन दाखवलं, करनी रायते म्हनून." दुसरा म्हणाला, तुला तोच पिक्चर पुन्हा दाखवायला पाहिजे. मी दुसऱ्याच्या बाजूचा. पण पहिल्याला तसं वाटू शकते हीसुद्धा पिक्चरची अडचणच आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये. घरी कोणी आधीच भगताकडे चकरा मारत असेल तर त्यांना हा पिक्चर दाखवण्याआधी डॉक्टर दाखवा.

हिंदीतले हसवणारे भुताचे पिक्चर वेगळे. "मुंज्या" मला गंमत म्हणून आवडला, पोरांना घेऊन जाण्यासारखा आहे. त्यानंतर त्या साच्यातले जे निघत आहेत त्यांत आधी विनोद ठरतो आणि भूत मागून येते. घरी पाहा.

पोलीस भरतीची तयारी करून रायलो. एखादा पिक्चर सांगजा, जोश आला पाहिजे.

जोशासाठी सगळे "ट्वेल्थ फेल"चं नाव घेतात, मीही घेतो, तो २०२३ चा आहे. पण तुला मी "होमबाउंड" सांगेन, आणि आधीच सांगून ठेवतो की त्यात जोश नाही.

नीरज घेवानचा पिक्चर, सप्टेंबर २०२५ मध्ये आला, भारताकडून ऑस्करसाठी तोच पाठवला गेला. उत्तरेतल्या गावातले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. दोघांनाही पोलिसात जायचं आहे. का? कारण अंगावर वर्दी आली की कोणी जात विचारणार नाही असं त्यांना वाटते. परीक्षा होते, निकाल लागत नाही. इकडे पहाटे पाच वाजता रोडवर पळणारी जेवढी पोरं मी पाहतो, सोळाशे मीटरचं टायमिंग मोबाइलमध्ये लावून, त्यातल्या प्रत्येकाला हे निकालाचं थांबणं ठाऊक आहे. माझ्या दुकानात तर त्या फॉर्मांच्या पावत्यांची फाइलच आहे.

मग घरची गरज म्हणून सुरतला मिल, आणि मग २०२० चा लॉकडाऊन. पुढचं सांगत नाही. गोष्ट खऱ्या घटनेवरून घेतली आहे. आपल्याकडून दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात माणसं जातात, त्या वर्षी ती जंगलातून, रेल्वेच्या रुळावरून पायी परत आली. ज्या घरातून कोणी गेलं होतं त्या घरातल्यांनी हा पिक्चर पाहताना सोबत कोणीतरी ठेवावं.

एवढं सगळं असून पिक्चर रडका नाही. पहिल्या तासात ते दोघं ज्या तऱ्हेनं एकमेकांची टिंगल करतात, तशी मैत्री हिंदी पिक्चरमधून निघूनच गेली होती. ईशान खट्टर आणि विशाल जेठवा दोघंही उत्तम. आमच्या तालुक्याला हा लागला नाही. नंतर नेटफ्लिक्सवर आला. ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी चारपाच जणांनी बसून पाहा, मोबाइलवर एकट्यानं नको.

"कांतारा"चा नवा भाग कसा आहे?

२ ऑक्टोबर २०२५ ला आला, दसऱ्याच्या दिवशी. त्या दिवशी अर्धं गाव नागपूरला दीक्षाभूमीवर होतं, उरलेलं सोयाबीनमध्ये. त्यामुळे आम्ही आठवड्यानं पाहिला.

ऋषभ शेट्टीनं पैसा ओतला आहे, लढाया आहेत, जंगल आहे. दैव अंगात येण्याचा प्रसंग टॉकीजमध्येच अनुभवायचा. पण मला २०२२ चा पहिला भाग जास्त आवडतो, कारण तो एका गावाचा होता. हा राजांचा झाला. जंगल, गावदेव आणि सरकार यांच्या भांडणाची गोष्ट आपल्याला परकी नाही. चिमूरकडचे लोक सांगतातच की ताडोबा म्हणजे तारू, वाघाशी झुंजताना गेलेला गावदेव, आणि आज त्याच्या ठाण्याच्या चहूबाजूंनी व्याघ्र प्रकल्प आहे. ही गोष्ट कर्नाटकातल्या माणसाला मिळाली असती तर त्यानं आतापर्यंत दोन भाग काढले असते.

साऊथचे पिक्चर हिंदीत पाहायचे की तेलुगूत?

राजुरा-सिरोंच्याकडचे लोक तेलुगूतच पाहतात, त्यांना विचारायची गरज नाही. आपण हिंदीत. "पुष्पा"चा हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा, आपलाच माणूस, आणि मला वाटते अर्धं यश त्या आवाजाचं आहे. "पुष्पा २" मात्र तीन तास वीस मिनिटं चालतो, आणि त्यात गोष्ट दीड तासाची आहे.

"धुरंधर" पाहून शेवटची बस भेटते का?

दुपारच्या शोला गेलात तर भेटते. पिक्चर ३ तास ३४ मिनिटांचा आहे, वर जाहिराती, वर मध्यंतर. संध्याकाळच्या शोला गेलात तर बस विसरा, कोणाची गाडी पाहून ठेवा. प्रमाणपत्र "ए" आहे, म्हणजे अठराच्या खालच्यांना टॉकीजमध्ये घेतच नाहीत. पोरं सोबत नेऊन दारात हुज्जत घालू नका.

आदित्य धरला ताण कसा वाढवायचा ते चांगलं कळते. रणवीर सिंह यात बराच वेळ गप्प आहे, त्यामुळे बरा वाटला. अक्षय खन्ना इथेही सगळ्यांच्या वर, हे वर्षच त्याचं होतं. मारामारी मला जास्त झाली. कोणाचं काय कापलं हे दाखवण्यात दिग्दर्शकाला जो रस आहे तो मला नाही. आणि एवढं बसवून गोष्ट अर्धवट सोडली, पुढचा भाग वेगळा. तालुक्याला लागला तर पाहा.

म्हाताऱ्या माणसांसाठी काही?

"महावतार नरसिंह". अॅनिमेशन आहे, म्हणजे कार्टूनसारखं, असं आधीच सांगून न्या, नाहीतर माय पहिली दहा मिनिटं विचारत राहते की ही माणसं खरी काहून दिसत नाहीत. आमच्या गावातून भजनी मंडळ गेलं होतं. शेवटी खांब फुटतो तेव्हा त्यांनी गजर केला आणि टॉकीजवाल्यानं आवाज कमी करायला सांगितलं नाही, हे बरं केलं. चित्रं काही ठिकाणी कच्ची आहेत. भक्तांना त्याचं काही नाही, मलाही शेवटी शेवटी राहिलं नाही.

आणि "शोले". डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा लागला, साफ केलेली प्रत, आणि मुख्य म्हणजे मूळ शेवटासकट. १९७५ मध्ये आणीबाणी होती, सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला होता आणि ठाकूरला पोलीस येऊन थांबवतात असं दाखवलं. आता ठाकूर थांबत नाही. ज्यांना सगळे संवाद पाठ आहेत अशा एका मामाजींनी शेवट पाहून सांगितलं, "पन्नास वर्षं आमाले खोटं सांगितलं." ते अजून त्याच रागात आहेत.

वाघाचा तो विद्या बालनवाला पिक्चर आपल्या इकडचा ना?

"शेरनी". २०२१ चा आहे, प्रदर्शित झाला तो थेट प्राइमवर. शूटिंग मध्य प्रदेशातलं. पांढरकवड्याकडच्या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ ला मारलं, ती घटना पाहताना आठवतेच. जंगल खात्याचं ऑफिस त्यात जसं दाखवलं आहे तसं मी दुसऱ्या कुठल्या हिंदी पिक्चरमध्ये पाहिलं नाही. शेतात जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणाऱ्यांची बाजू मात्र थोडी कमी आली. घरी पाहा.

बक्षीस भेटलेले पिक्चर आपल्याले समजतात का?

समजतात. दाखवत नाहीत, ही गोष्ट वेगळी. "साबर बोंडं" या मराठी पिक्चरला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं. रोहन कानवडे यांचा. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला तरुण, आणि लहानपणचा मित्र. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, आणि ते कुठेही ओरडून सांगितलेलं नाही. सुतकात काय खायचं, कुठं झोपायचं, लग्न कधी करतो म्हणून नातेवाईक कसे मागे लागतात, हे आपल्याइतकं कोणाला समजणार? समजायला अवघड असा एकही प्रसंग नाही. गावात कोणासोबत बसून पाहायचा हा प्रश्न मात्र आहे, तो तुमचा तुम्ही सोडवा.

लिंक आली आहे, कालचाच पिक्चर आहे. पाठवू का?

नका पाठवू. पडद्यावरून मोबाइलनं काढलेला, मधात कोणाचं तरी डोकं. २०२३ मध्ये कायदा बदलला, टॉकीजमध्ये रेकॉर्डिंग केलं तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड आहे. माझ्या दुकानातून तर डाउनलोड करून मिळणारच नाही, पेनड्राइव्ह खिशात ठेवा.

मंग घरी कधी येते?

मोठे हिंदी पिक्चर साधारण आठ आठवड्यांनी. मराठीचा नेम नाही. आमिर खाननं "सितारे जमीन पर" वेगळ्याच तऱ्हेनं आणला. टॉकीजनंतर १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर शंभर रुपये भाड्यानं. मला हे फार आवडलं. वर्षाची वर्गणी नको, एका घरात दहा जण बसले तर माणशी दहा रुपये. पिक्चरही चांगला, हसवत हसवत नेतो. असं बाकीच्यांनी केलं तर खेड्यातला लिंकचा धंदा अर्धा कमी होईल. लाईन गेली नाही पाहिजे, एवढंच.

तिकिटावरचा टॅक्स कमी झाला म्हणतात, मंग तिकीट तेवढंच काहून?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शंभरच्या वर १८ टक्केच आहे. म्हणजे फायदा तालुक्याच्या टॉकीजचा, मॉलवाल्याचा नाही. टॉकीजवाल्यानं तो तुम्हाला दिला की स्वतः ठेवला, ते तिकिटावर वाचा. एसी नाही, कूलर आहेत, एका बाजूचा भोंगा खरखरतो, पण मे महिन्यात दुपारी आपल्या जिल्ह्यात यापेक्षा थंड जागा एवढ्या पैशात मिळत नाही.

आम्ही बचत गटाच्या बाया मिळून जाऊन रायलो. कसं करावं?

२०२३ मध्ये "बाईपण भारी देवा" आला तेव्हापासून हे सुरू झालं आणि चांगलं झालं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या वरच्यांना पूर्ण माफ, आधार कार्ड सोबत ठेवा. त्यामुळे पिकअप करण्यापेक्षा बस स्वस्त पडते. पंधराच्या वर असाल तर टॉकीजला आदल्या दिवशी फोन करून ठेवा, कारण मराठी पिक्चरला दहा माणसं नसली की शो रद्द करतात आणि दारात गेल्यावर सांगतात. सोमवार ते गुरुवारात जा, तिकीट कमी असते. शुक्रवारी पिक्चर बदलतो, त्यामुळे बुधवारी मला एकदा विचारून घ्या की तोच लागलेला आहे ना. डबा आत नेऊ देत नाहीत, बाहेर खाऊन मग जा. आणि संध्याकाळची शेवटची बस कोणती ते जाताना कंडक्टरलाच विचारा, स्टँडवरच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका.